डॉक्टरची लेखणी आणि फौजदारीचा बडगा

वेदनेवर उतारा देणारी जी द्रव्ये माणसाला व्यसनाच्या खाईतही लोटू शकतात, ती लिहून देणारा डॉक्टर वैद्य कोठवर राहतो आणि गुन्हेगार केव्हा ठरतो, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२२ रोजी 'रुआन विरुद्ध संयुक्त संस्थाने' या खटल्यात दिले. नऊही न्यायमूर्तींचे एकमत झाले ते खालच्या न्यायालयांचे निर्णय रद्द करण्यापुरते. कारणमीमांसेत मात्र सहा एकीकडे आणि तीन दुसरीकडे अशी फाळणी झाली. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी लिहिले आणि तीनच दिवसांनी ते न्यायासनावरून निवृत्त झाले. सातासमुद्रापलीकडील दोन डॉक्टरांच्या या खटल्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे विचारणाऱ्याला आमचे उत्तर सरळ आहे. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला रुग्ण ज्या घरात आहे आणि मॉर्फिनच्या चार गोळ्यांसाठी ज्या घरच्या माणसांनी कधी गाव पालथे घातले आहे, त्या घराला या खटल्याशी पुष्कळच कर्तव्य आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, ज्यांच्या अपिलावर हा निर्णय झाला ते दोघेही डॉक्टर काही साधुसंत म्हणून न्यायालयापुढे आलेले नव्हते. अलाबामा राज्यातील मोबील शहराचे डॉ. शिउलू रुआन हे आपल्या भागीदारासह वेदनाशामक उपचारांचे दवाखाने चालवीत. चार-साडेचार वर्षांत तेथून नियंत्रित द्रव्यांच्या जवळजवळ तीन लाख चिठ्ठ्या बाहेर पडल्या, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. दवाखान्याला लागून औषधांचे दुकान, ते याच दोघांच्या मालकीचे. आणि जी औषधे लिहून द्यावयाची ती तयार करणाऱ्या कंपन्यांशी पैशाचे लागेबांधे, असाही आरोप होता. २०१७ साली त्यांना वीस वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. ॲरिझोना आणि वायोमिंग या राज्यांत व्यवसाय करणारे दुसरे डॉ. शकील काह्न यांच्याविषयी तर असे सांगण्यात आले की, ते चिठ्ठीचे मोल गोळ्यांच्या संख्येवर ठरवीत, रोख घेत आणि प्रसंगी पैशाऐवजी बंदुकाही स्वीकारीत. त्यांना पंचवीस वर्षे. अशा माणसांविषयी कोणाच्या मनात कणव उत्पन्न होणे कठीण. परंतु कायद्याची परीक्षा सज्जनाच्या खटल्यात होत नाही. तेथे न्यायाधीशाचे हृदयच वकिली करते. ज्याच्याकडे पाहून रस्त्यावरचा माणूस 'द्या याला फाशी' म्हणतो, त्याच्या खटल्यात ती होते.

आता कायद्याचा मुद्दा. अमेरिकेच्या १९७० च्या नियंत्रित द्रव्यांच्या कायद्यात असे म्हटले आहे की, या कायद्याने अधिकार दिला असेल तेवढे वगळून, जाणूनबुजून किंवा हेतुपुरस्सर असे द्रव्य वाटणे हा गुन्हा होय. नोंदणी झालेल्या डॉक्टरला तो अधिकार आहे. मात्र चिठ्ठी खऱ्याखुऱ्या वैद्यकीय प्रयोजनासाठी आणि व्यवसायाच्या नेहमीच्या रीतीस धरून दिलेली असली पाहिजे, असे त्याखालील नियम सांगतो. वाद उपस्थित झाला तो 'जाणूनबुजून' या एका शब्दावरून. हा शब्द फक्त 'वाटणे' या क्रियेपुरता आहे, की 'अधिकाराबाहेर' या गोष्टीलाही लागू आहे? डॉक्टर चिठ्ठी लिहितो ती जाणूनबुजूनच लिहितो. झोपेत कोणी चिठ्ठी लिहीत नाही. तेव्हा हा शब्द केवळ वाटण्यापुरता असेल तर डॉक्टरच्या बाबतीत त्याला काहीच अर्थ उरत नाही. मग तज्ज्ञ साक्षीदाराने पिंजऱ्यात उभे राहून 'ही रीत आमच्या व्यवसायाची नव्हे' असे म्हटले की डॉक्टर गुन्हेगार! त्याच्या मनात काय होते, हे विचारण्याचे कारणच राहिले नाही.

बहुमताने हा अर्थ नाकारला. डॉक्टरने आपल्याला अधिकार होता असे दाखविणारा पुरावा पुढे केला की, आपण अधिकाराबाहेर वागत आहोत हे त्याला ठाऊक होते किंवा तसेच वागण्याचा त्याचा हेतू होता, हे सरकारने वाजवी संशयापलीकडे सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. या तत्त्वाची मुळे जुनी आहेत. १९५२ साली याच न्यायालयापुढे मॉरिसेट नावाच्या माणसाचा खटला आला होता. मिशिगनमधील एका लष्करी बाँबफेकीच्या मैदानावर वर्षानुवर्षे गंजत पडलेली बाँबगोळ्यांची रिकामी टरफले त्याने टाकाऊ भंगार समजून उचलली आणि विकली. सरकारी मालमत्तेच्या चोरीबद्दल त्याला शिक्षा झाली. माल सरकारचा होता हे खरे, त्याने तो नेला हेही खरे; पण चोराचे मन त्याच्यापाशी नव्हते. न्यायालयाने त्याला सोडले. डॉक्टरच्या चिठ्ठीला आता हीच कसोटी लागली. चिठ्ठी लिहिणे ही गोष्ट स्वतःहून वाईट नाही. उलट ते त्याचे कामच आहे. ती गुन्हा ठरते ती कशामुळे? अधिकाराची मर्यादा ओलांडल्यामुळे. मग ज्या एका गोष्टीने चांगल्याचे वाईट होते, त्याच गोष्टीचे ज्ञान त्याला होते की नाही, हे पाहावयाचे नाही तर काय पाहावयाचे?

सरकारी पक्षाने मधली वाट सुचविली होती: 'वाजवी डॉक्टर' जसा सद्भावाने वागेल तसे वागण्याचा या डॉक्टरने प्रयत्न केला होता काय, एवढे पाहावे. ऐकावयास हे गोड वाटते. परंतु त्यातील मेख बहुमताने ओळखली. हा 'वाजवी डॉक्टर' कोठे राहतो? तो कल्पनेतला. ज्याला वीस वर्षे तुरुंगात जावयाचे तो मात्र हाडामांसाचा. कल्पनेतल्या माणसाच्या मनाचा झाडा घेऊन खऱ्या माणसाला गजाआड घालावे, हे निष्काळजीपणाच्या दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई ठरविताना शोभेल. फौजदारी न्यायाला ते शोभत नाही.

यावर आमचे काही वाचक म्हणतील की, आता प्रत्येक लबाड कोर्टात उभा राहून 'माझी तशी प्रामाणिक समजूत होती' असे म्हणेल आणि सुटून जाईल. हा आक्षेप वजनदार आहे. तो झटकून टाकण्याजोगा नाही. न्यायमूर्ती ॲलिटो यांनी तर आपल्या वेगळ्या निकालपत्रात असेच मांडले की, अधिकार असणे हा आरोपीचा बचाव आहे आणि तो सिद्ध करण्याचा भार आरोपीनेच उचलावा. परंतु मनातली गोष्ट सिद्ध होत नाही हे म्हणणे व्यवहाराला धरून नाही. खुनाच्या खटल्यात मारेकऱ्याचा हेतू कोणी त्याच्या कवटीत डोकावून पाहतो काय? कृतीवरून, पैशावरून, लपवाछपवीवरूनच तो ओळखला जातो. आरोपी सांगतो ती समजूत जितकी अवाजवी, तितका तिच्यावर ज्यूरीचा विश्वास कमी बसेल, असे ब्रेयर यांनीही स्पष्ट लिहिले आहे. जो रुग्णाच्या अंगाला हात न लावता दिवसाला शंभर चिठ्ठ्या फाडतो, त्याची समजूत काय होती हे लहान पोरही सांगू शकेल.

आणि हा शंभर चिठ्ठ्यांचा आकडा आम्ही अलंकार म्हणून योजलेला नाही. वॉशिंग्टनच्या डॉ. थॉमस मूर यांनी १९७१-७२ च्या सुमारास साडेपाच महिन्यांत मेथाडोनच्या ११,१६९ चिठ्ठ्या लिहिल्या, सुमारे आठ लाख गोळ्यांच्या. त्यांतील ५४ दिवस असे की, त्या दिवशी शंभराहून अधिक चिठ्ठ्या निघाल्या. तपासणी नावापुरती, आणि फी आकारली जाई ती गोळ्यांच्या संख्येवर. 'माझ्यापाशी सरकारी नोंदणी आहे, सबब मी या कलमाखाली येतच नाही' हा त्यांचा बचाव होता. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो साफ फेटाळला: डॉक्टरपणाचा अंगरखा पांघरून अफूविक्या बनलेल्या माणसाला नोंदणीचा कागद वाचवू शकत नाही. हा निर्णय योग्यच होता आणि रुआनच्या निर्णयाने तो पुसला गेलेला नाही.

परंतु याच देशाच्या इतिहासात याच्या उलट पानही आहे, आणि ते आपल्याला अधिक उपयोगाचे आहे. १९१४ च्या डिसेंबरात तेथे हॅरिसन कायदा झाला. दिसावयास तो कराचा कायदा. व्यवसायाच्या ओघात औषध देणाऱ्या डॉक्टरला त्यात सूट होती. पण 'व्यवसायाचा ओघ' म्हणजे काय, हे ठरविणार कोण? १९१९ साली मेम्फिसचे डॉ. वेब यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, व्यसनाधीन माणसाला केवळ त्याचे व्यसन चालू राहावे म्हणून मॉर्फिन लिहून देणे याला चिठ्ठी म्हणणे हा भाषेचा विपर्यास आहे. वेब हे पन्नास सेंटला एक चिठ्ठी विकीत, तेव्हा त्यांच्यापुरते हे ठीकच होते. पण वेबसाठी विणलेले जाळे अंमलदारांनी सगळ्या तळ्यावर टाकले. पुढे स्पोकेन शहरच्या डॉ. चार्ल्स लिंडर यांच्या दवाखान्यात एक बाई आली. ती सरकारची खबरी होती. डॉक्टरांनी तिला मॉर्फिनची एक आणि कोकेनच्या तीन अशा एकूण चार गोळ्या दिल्या. चार! एवढ्यासाठी डॉक्टर आरोपीच्या पिंजऱ्यात. १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. व्यसनाधीनता हा एक आजार आहे आणि सद्भावाने उपचार करणारा डॉक्टर गुन्हेगार नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पण तोवर व्हावयाचे ते होऊन गेले होते. अमेरिकेतील डॉक्टरवर्गाने धसका घेतला, आणि व्यसनी माणसाला दारातून परत पाठविणे हेच शहाणपण ठरले.

अलीकडच्या काळात तेथे लंबक आधी एका टोकाला गेला आणि मग दुसऱ्या. १९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आणली आणि हिचे व्यसन लागण्याची भीती कमी, अशी जाहिरात करीत डॉक्टरांच्या दवाखान्यांचे उंबरठे झिजविले. २००७ साली कंपनीने आणि तिच्या तीन बड्या अधिकाऱ्यांनी या खोट्या प्रचाराबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड साठ कोटी डॉलरांहून अधिक. तुरुंगात मात्र त्या तिघांपैकी एकही गेला नाही. २०२० मध्ये कंपनीने पुन्हा एकदा गुन्हा कबूल केला. इकडे लहान गावातला डॉक्टर वीस वर्षांसाठी आत, आणि ज्यांनी पूर सोडला ते दंड भरून बाहेर, हा न्याय आमच्या आकलनापलीकडचा आहे. याला अपवाद एखाददुसराच. फेंटॅनिलचा फवारा विकणाऱ्या इन्सिस कंपनीचे संस्थापक जॉन कपूर, जन्माने आपल्या अमृतसरचे, यांना २०२० साली साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. डॉक्टरांना व्याख्यानांच्या मानधनाच्या नावाखाली लाच देऊन चिठ्ठ्या लिहवून घेतल्या, हा त्या प्रकरणाचा गाभा.

२०१२ साली अमेरिकेत अशा औषधांच्या चिठ्ठ्यांची संख्या पंचवीस कोटींच्या वर गेली. त्यानंतर सरकार जागे झाले, धाडी पडल्या, चिठ्ठ्या वर्षागणिक घटत गेल्या. कॅलिफोर्नियात तर डॉ. लिसा त्सेंग यांना तीन रुग्णांच्या मृत्यूबद्दल खुनासाठी दोषी ठरवून २०१६ साली तीस वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. मग मृत्यू घटले काय? मुळीच नाही. चिठ्ठी बंद झालेला व्यसनी माणूस हेरॉइनकडे वळला आणि तेथून चोरट्या फेंटॅनिलकडे. २०२१ या एका वर्षात अतिमात्रेने एक लाखाहून अधिक अमेरिकन दगावले. त्यांतील सुमारे ऐंशी हजारांच्या मृत्यूत अफूवर्गीय द्रव्यांचा हात होता. दुसरीकडे, वर्षानुवर्षे ठरावीक मात्रेवर असलेल्या आणि कोणताही गुन्हा न केलेल्या वेदनाग्रस्तांची औषधे घाबरलेल्या डॉक्टरांनी एकाएकी तोडली. शेवटी २०१९ साली तेथील आरोग्य खात्यालाच डॉक्टरांना बजावावे लागले की, असे एकाएकी तोडणे रुग्णाच्या जिवावर बेतते. साप साप म्हणून भुई धोपटली. साप बिळातच राहिला आणि पिकाची मात्र नासाडी झाली.

आता आपल्या घरात डोकावू या. आपल्याकडे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा अधिनियम १९८५ साली आला. वैद्यकीय आणि शास्त्रीय प्रयोजनासाठी त्यात वाट ठेवलेली आहे, पण ती सुईच्या नेढ्याएवढी. एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवावयाचे तर अबकारी आणि औषध नियंत्रण या निरनिराळ्या खात्यांचे चार-चार, पाच-पाच परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी. एक हातात येईतो दुसरा संपलेला! आणि चूक झाली तर कमीत कमी दहा वर्षे सक्तमजुरी. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९८५ साली या देशात पाचशे किलोंहून अधिक मॉर्फिन वैद्यकीय उपयोगासाठी लागत असे. १९९७ साली ते अवघ्या अठरा किलोंवर आले. रुग्ण कमी झाले होते काय? वेदना कमी झाल्या होत्या काय? कमी झाले ते फक्त लिहिणारे हात. मुंबईत वांद्र्याला शांति आवेदना सदन हे मरणासन्न कर्करुग्णांसाठी देशातील पहिले विश्रामगृह १९८६ साली उघडले. म्हणजे वेदनेला आसरा आणि वेदनाशामकाला कुलूप ही एकमेकांच्या पाठीवर आलेली भावंडे होत!

याहून दैवदुर्विलास असा की, अफूचा चीक कायदेशीरपणे काढून जगाला निर्यात करणारा देश आपलाच. एकेकाळच्या ग्वाल्हेर संस्थानाच्या मुलखातील नीमच येथे सरकारचा अफूचा कारखाना आहे. माळव्यात वस्ती करून राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना त्या पांढऱ्या फुलांची शेते परकी नाहीत. शेताच्या बांधावर उभा असलेला रुग्ण मात्र विव्हळतो आहे.

केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून कालिकतला वेदनाशमनाचे काम उभे केले आणि पुढे वर्षानुवर्षे दिल्लीचे दरवाजे ठोठावले, तेव्हा कोठे २०१४ साली कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' ठरली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवानगीवर ती ठेवता येऊ लागली. परवान्याची गाठ सुटली. पण भीतीची?

भीतीचे मूळ त्याच अधिनियमाच्या पस्तिसाव्या कलमात आहे. या कलमान्वये आरोपीची गुन्हेगारी मनोवस्था न्यायालय गृहीत धरते. ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. आणि तेही साध्या संभाव्यतेच्या तराजूवर पुरेसे नाही, ते वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाले पाहिजे. म्हणजे अमेरिकेच्या न्यायालयाने जो भार सरकारच्या खांद्यावर ठेवला, तोच, तेवढाच, आपल्या कायद्याने आरोपीच्या खांद्यावर ठेवला आहे. न्यायमूर्ती ॲलिटोदेखील इतके पुढे गेले नव्हते. २००८ साली नूर आगा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. मूलभूत वस्तुस्थिती आधी सरकारने सिद्ध करावी, एवढा आधार मात्र आरोपीला दिला. चोरट्या मालाच्या वाहतूकदाराला हे कलम लावा, आमची हरकत नाही. ज्याच्या डिकीत अफूची पोती सापडली त्याने खुलासा करावा हे रास्त आहे. पण ज्याचा व्यवसायच हे औषध लिहिण्याचा, त्याचे मन आधीच काळे धरून चालावयाचे?

याच देशात डॉक्टरच्या हातून रुग्ण दगावला तर काय होते ते पाहा. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, साधी चूक किंवा निर्णयातील त्रुटी म्हणजे फौजदारी गुन्हा नव्हे. घोर निष्काळजीपणा हवा, आणि खटल्यापूर्वी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतील, मत घेतले जावे. रुग्ण मेला तर हे संरक्षण. रुग्णाची वेदना शमावी म्हणून गोळी लिहिली तर ते नाही! या विसंगतीचे समर्थन कोणत्याही मंत्र्याने करून दाखवावे.

आणि मन पाहून न्याय करण्याचे तत्त्व आपल्याला सातासमुद्रापलीकडून आणावे लागत नाही. धारचा एक धान्यव्यापारी, नथूलाल, याच्याकडे परवान्याविना गहू सापडला. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता आणि तो मिळेल अशा प्रामाणिक समजुतीवर तो व्यवहार करीत होता. १९६५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले. त्याच्या आदल्याच वर्षी, सांताक्रूझ विमानतळावर ३४ किलो सोन्यासह उतरलेल्या जॉर्ज या परदेशी माणसाला याच न्यायालयाने नवा हुकूम ठाऊक नसतानाही बहुमताने दोषी धरले होते. त्या खटल्यात विरोधी मत नोंदविणारे न्यायमूर्ती सुब्बाराव हेच नथूलालच्या खटल्यात न्यायासनावर होते. गव्हाच्या व्यापाऱ्याच्या मनाची चौकशी करणाऱ्या कायद्याने डॉक्टरच्या मनाची चौकशी करू नये, हे आम्हाला पटत नाही.

तेव्हा आमची मागणी मोजकी आहे. पस्तिसाव्या कलमातील गृहीतक नोंदणीकृत डॉक्टरने आपल्या रुग्णाला लिहून दिलेल्या औषधापुरते तरी उठवावे, आणि अशा प्रत्येक खटल्यापूर्वी जेकब मॅथ्यूतील जाणत्या मताची अट घालावी. चिठ्ठ्यांचा धंदा करणारा दवाखाना सील करा, त्याची सनद काढून घ्या, त्याला लाच देणाऱ्या कंपनीच्या संचालकाला त्याच्याच शेजारच्या कोठडीत बसवा. यात हयगय नको. सज्जन डॉक्टरांनीही आपले कर्तव्य ओळखावे. तपासणीची नोंद, मात्रेचे कारण, पुढील भेटीची तारीख एवढे केसपेपरवर स्वच्छ लिहिलेले असेल तर कोणत्याही न्यायालयात ते दहा वकिलांच्या तोडीचे ठरते.

रुआन आणि काह्न यांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. २०२३ साली अपील न्यायालयांनी नव्या कसोटीवर दोन्ही प्रकरणे पुन्हा पाहिली. काह्न यांच्यावरील दोषसिद्धी संपूर्ण रद्द होऊन त्यांचा खटला फेरसुनावणीसाठी परत गेला. रुआन यांच्यावरील प्रत्यक्ष औषधवाटपाच्या आरोपांची दोषसिद्धी रद्द झाली. कटाची आणि इतर आरोपांवरील मात्र कायम राहिली आणि शिक्षा नव्याने ठरविण्याचा आदेश झाला. सगळे लबाड सुटतील अशी जी हाकाटी होती, तिला हे उत्तर पुरेसे आहे.